‘पी’वर अडकलेली बारा मिनिटं

“बारा मिनिटं आधी पोचलो असतो, तर दादा वाचला असता का?”

हा प्रश्न दादाच्या धाकट्या भावाने डॉक्टरांना विचारला. डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, “तुम्ही आधी पाणी प्या.” वहिनीला विचारला, तर ती ‘दूध उतू जाईल’ म्हणून आत गेली. गॅसवर दूध नव्हतंच. मिस्त्रीला विचारला. मिस्त्री म्हणाला, “पोरा, मी गाड्या बघतो. माणसांचं मला कळत नाही.” मग एक दिवस तो गाडीत येऊन बसला, काचा वर केल्या, हे सगळं मला सांगितलं आणि तोच प्रश्न मला विचारला.

मला तोंड नाही. असतं, तरी काय सांगणार होतो? ती बारा मिनिटं मीच तर खाल्ली होती.

मी एका जुन्या गाडीच्या गिअरचा दांडा बोलतोय. पुढच्या दोन सीटांच्या मधोमध माझी जागा. माझ्या शेजारी चार अक्षरं एका ओळीत उभी आहेत. ‘पी’वर असलो की गाडी थांबलेली, चाकं आतून बांधलेली. ‘आर’वर गेलो की मागे, ‘एन’वर मोकळी, ‘डी’वर पुढे. एवढंच माझं जग आणि एवढाच माझा प्रवास, हातभरही नाही. पण माझ्या या वीतभर सरकण्यावर आख्खं घर इकडून तिकडे जातं.

माझा जन्म कारखान्यातला. मला गाडीत बसवलं ते एका बाईने. तिच्या बोटांना तेलाचा वास होता आणि आवाजाला धार. एका नवशिक्या मुलीला ती काम शिकवत होती. त्या बाईने ब्रेकवर पाय न ठेवता मला दहा वेळा ओढलं. मी हललो नाही. मग ब्रेक दाबून दहा वेळा ओढलं. मी दहाही वेळा लोण्यात सुरी फिरावी तसा सुटलो.

“बघ,” ती म्हणाली, “ब्रेक दाबला की खालच्या एका खटक्यातून याला निरोप येतो. त्याच खटक्यावर मागचे लाल दिवेही लागतात. निरोप आल्याशिवाय हा ‘पी’वरून हलता कामा नये. हलला, तर कुणाचं तरी पोर चाकाखाली जाईल.”

“आणि निरोप पोचलाच नाही तर?” मुलीने विचारलं.

बाईने माझ्या शेजारचं करंगळीच्या नखाएवढं झाकण उचकटलं. खाली एक अरुंद भोक होतं. “हा चोरदरवाजा. ब्रेक दाबून धरायचा, यात किल्ली खुपसून खाली दाबायचं, की दांडा मोकळा. लाखात एकाला लागतं. पण लागतं तेव्हा लागतंच.”

जन्मतः मला मिळालेली अक्कल ती एवढी. निरोपाशिवाय हलायचं नाही, आणि अगदीच अडलं तर शेजारी दार आहे. हे दार माणसाला दाखवायचं कसं, ते मात्र मला कुणी शिकवलं नाही.

माझा पहिला मालक निवृत्त हिशेबनीस होता. तो गाडी चालवायचा कमी आणि पुसायचा जास्त. एकदा झटकणीने झटकताना माझ्या शेजारचं ते छोटं झाकण उडालं आणि सीटखाली गेलं, ते गेलंच. पुढे त्याला डोळ्यांनी दिसेनासं झालं आणि गाडी दादाकडे आली.

दादा कवळ्या करायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल होतं. त्यावर मेण, प्लॅस्टरचे साचे, घासायचं छोटं मशीन आणि खणाखणांच्या डब्यांत दातच दात. पांढरे, पिवळट, तंबाखू खाणाऱ्यांसाठी जरा तपकिरी. “आमच्या घरात खायला दोन घास आणि चावायला दोन हजार दात,” असं तो आल्यागेल्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा. वहिनी मेणाचं काम करायची. तिचा हात दादापेक्षाही बारीक होता, हे दादा मान्य करायचा, पण ती खोलीत नसताना.

तयार कवळ्या दातांच्या डॉक्टरांकडे पोचवायचं काम धाकट्याचं. दादाने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. आईबाप गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. शाळेत त्याचं मन रमलं नाही. सातवीत एक दिवस दप्तर शाळेच्या भिंतीवर ठेवून तो जो निघाला, तो परत गेलाच नाही. त्याच्या पायाला भिंगरी आणि हाताला घाई. दादा त्याला ‘धांदल्या’ म्हणायचा. वहिनीही धांदल्या म्हणायची. सात वर्षांची पुतणी, तिला घरात मुंगी म्हणत, तीही एकदा ‘धांदल्याकाका’ म्हणाली आणि तेच रूढ झालं.

धांदल्या गाडी झकास चालवायचा. पण त्याचा हात माझ्यावर पडायचा तो चापट मारल्यासारखा. दादा मात्र मला धरायचा तो म्हाताऱ्याला जिना उतरवताना कोपर धरावं तसा.

आता त्या भोकाचं सांगतो.

झाकण गेल्यापासून त्या भोकात काय काय पडायचं. प्लॅस्टरची भुकटी, मुंगीच्या चॉकलेटचे तुकडे, एकदा तर एक सुटा दात. त्या दातासाठी दादाने अर्धा तास चिमट्याने खटपट केली. दात निघाला, पण दादाची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी धांदल्याच्या डोक्यात वीज चमकली. हिरड्यांसाठी जी गुलाबी भुकटी असते, तिच्यात एक उग्र वासाचं पाणी मिसळलं की घडीभरात दगड होतो. त्याने वाटीभर कालवलं आणि ते भोक काठोकाठ भरून टाकलं. वरून बोटाने गुळगुळीत केलं.

“दादा, ये बघ!”

दादा आला, वाकला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. “अगं ए, इकडे ये! आपल्या धांदल्याने गाडीला हिरडी बसवली!”

वहिनी मेणाचा हात पुसत आली. “छान झालंय की. आता दातही बसव म्हणावं.”

“पण कडा उचललीय बघ इथे. घेतलं काम नीट करावं रे.” दादाने घासायचं मशीन आणलं, लांब वायर जोडून ते गाडीत घेतलं आणि ती हिरडी घासून अशी चकचकीत केली, की गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवावी.

तिघेही खूश होते. मी एकटा मनातून चरकलो. त्यांनी हौसेने माझा चोरदरवाजा बुजवला होता, आणि तोही पक्का, कारण दातांचं काम त्यांनी कधी कच्चं केलंच नव्हतं. गाडीची माहितीपुस्तिका डॅशबोर्डाच्या कप्प्यात होती. तिच्यात या भोकाचं चित्र होतं, किल्ली घातलेलं. पण ती पुस्तिका दादाने त्याच कप्प्यातला कवळ्यांचा डबा खडखडू नये म्हणून त्याखाली घातली होती.

वर्ष गेलं. माझं एक काम मी चोख केलं, तेही सांगू द्या, नाहीतर तुम्ही मला नुसताच खुनी समजाल. एका दुपारी दादाने गाडी उतारावर लावली. किल्ली तशीच ठेवून तो डबा द्यायला आत गेला. गाडीत मुंगी एकटी होती. ती उडी मारून पुढे आली, दोन्ही हातांनी मला धरलं आणि “चल घोड्या!” म्हणून जीव खाऊन ओढलं. मी हललो नाही. खाली भरवस्तीचा रस्ता होता. दादा परत आला तेव्हा ती मला लोंबकळत होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिला उचलून त्याने मला थोपटलं. “शहाणा आहेस बाबा,” म्हणाला.

ते ‘शहाणा’ मी फार दिवस मिरवलं.

मग एका गुरुवारी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दादाला फोनवर सांगितलं की तुमच्या गाडीचे मागचे लाल दिवे ब्रेक दाबला तरी लागत नाहीत, कुणीतरी मागून ठोकेल. दादाने दारातून हाक मारली.

“धांदल्या, मागचे दिवे बघून आण रे मिस्त्रीकडून.”

“उद्या आणतो.”

“उद्या म्हणजे उद्याच. तुझा उद्या नको.”

“हो रे दादा!”

शुक्रवारी मी पहिल्यांदा अडकलो. ब्रेकखालचा तो खटका झिजला होता. कधी निरोप पाठवायचा, कधी गप्प बसायचा. धांदल्याने ब्रेकवर दोनतीन लाथा घातल्या, निरोप आला, मी सुटलो. “म्हातारी झाली,” तो गाडीला म्हणाला. शनिवारी पुन्हा तेच. सोमवारी पुन्हा. दिवे लागत नाहीत आणि दांडा अडकतो, या दोन तक्रारींचं दुखणं एकच आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी दातओठ खाऊन अडकून बघितलं. जेवढा अडकलो, तेवढ्या जोराने त्याने लाथ घातली आणि आमचं भागलं.

मंगळवार उजाडला. डॅशबोर्डावरचं घड्याळ माझ्यासमोर असतं, म्हणून वेळ मला पाठ आहे. दहा वाजून सतरा मिनिटं.

दादा चालत आला. त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि डावा हात उजव्या हाताने धरलेला. “पित्त असेल,” तो म्हणत होता. वहिनी त्याच्या मागे अनवाणी होती. त्याला पुढच्या सीटवर बसवलं. वहिनी मागे बसली. धांदल्याने किल्ली फिरवली, ब्रेक दाबला आणि मला ओढलं.

मी हललो नाही.

त्याने ब्रेकवर लाथ घातली. एक, दोन, पाच. निरोप आला नाही. खटका त्या दिवशी मेला होता.

“अरे चल ना!” तो ओरडला. “चल, चल, चल!”

“ब्रेक दाब,” दादा म्हणाला. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

“दाबलाय रे दादा!”

“गाडी बंद कर. परत चालू कर.”

त्याने केलं. दोनदा केलं. माझ्या डोक्यावरची बोंडी दोन्ही हातांनी धरून, पाय समोर रोवून त्याने मला ओढलं. मला अडवणारा आतला खिळा तसाच आडवा. निरोपाशिवाय हलायचं नाही. कुणाचं तरी पोर चाकाखाली जाईल. मला हेच शिकवलं होतं, आणि हाताच्या दोन बोटांवर, त्या गुलाबी दगडाखाली, दार होतं. इथे, मी आत ओरडत होतो, अरे इथे, इथे! दांड्याचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

मग दादाने आपला हात धांदल्याच्या हातावर ठेवला. दोन हात माझ्यावर होते, एक तापलेला आणि एक थंडगार ओला. दादा हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “दातखीळ बसली रे हिला.”

त्याचा तो शेवटचा विनोद. कुणी हसलं नाही.

वहिनीने रुग्णवाहिकेला फोन लावला. वीस मिनिटं लागतील म्हणाले. शेजारची चार माणसं धावत आली. “धक्का मारू, निदान मोठ्या रस्त्यापर्यंत नेऊ!” चौघांनी खांदे लावले. पण मी ‘पी’वर असलो की चाकं आतून बांधलेली असतात. गाडी तसूभर सरकली नाही. धांदल्या उतरला, फाटकाबाहेर धावला आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. लाँड्रीची एक गाडी कचकन थांबली. इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यांवर त्यांनी दादाला झोपवलं.

माझ्या गाडीचं दार उघडं, किल्ली लावलेली, इंजिन चालू. घड्याळात दहा एकोणतीस झाले होते.

दादा परत आला नाही.

चौथ्या दिवशी धांदल्या आला आणि त्याने मला मारलं. आधी बुक्कीने, मग पान्याने. माझी बोंडी उभी चिरली. त्याची बोटं सोलली. “का नाही हललास? का? एक दिवस, हरामखोरा, एकच दिवस!” मी ते सगळं घेतलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. कुणीतरी मला शिक्षा करत होतं.

पुढे सहा आठवडे गाडी जागची हलली नाही. काचांवर धूळ साचली. दुपारी शाळेतून आल्यावर मुंगी गुपचूप येऊन बापाच्या सीटवर बसायची. चिरलेल्या बोंडीवर हात ठेवायची, ओढायची नाही. एकदा फक्त एवढंच म्हणाली, “आता तरी चल की रे घोड्या.”

एक दिवस फाटकापाशी वहिनी आणि धांदल्याचं बोलणं मी ऐकलं. वहिनीच्या थोरल्या बहिणीच्या गावी कवळ्यांचं मोठं काम निघालं होतं. तिथे मेणाचा हात हवा होता. वहिनी मुंगीला घेऊन तिकडे जाणार होती.

“गाडी दुरुस्त करून घे,” ती म्हणाली. “टेबल, मशीन, सगळं न्यायचंय. आणि तिथे कवळ्या पोचवायला लागेलच.”

“ही गाडी? वहिनी, ही भंगारात घाल. मी दुसरी बघतो.”

“कुठली बघतोस? आकाशातून? हीच न्यायची.”

“चालवणार कोण?”

“मी. तू शिकवायचंस.”

 माझ्याकडे त्याने असं बघितलं, जसं बघावं फाशी देणाऱ्या दोराकडे.

मिस्त्री घरी आला. पोटाने मोठा, बोलण्याने तुसडा, कानावर पेन्सिल. ब्रेकखाली डोकं घालून तो दोन मिनिटं आडवा झाला. “हा बघ, खटका गेलाय. मागचे दिवे किती दिवस बंद होते?”

धांदल्या पायाने माती उकरू लागला.

“अरे, मुका झालास का?”

“आठवडाभर.”

“मग गाडी आठवडाभर तुला सांगत होती. गाडी बोलते, माणूस ऐकत नाही.” त्याने नवा खटका बसवला. मग हात पुसत माझ्याकडे वळला, आणि बोट त्या गुलाबी हिरडीवर आपटलं. “आणि हे काय? हे भोक कुणी बुजवलं?”

“का?”

“का म्हणजे? दांडा अडकला की इथेच किल्ली घालतात. दाबलं की सुटतो. चुटकीचं काम.” त्याने कप्प्यातून पुस्तिका ओढली, पानं उलटली, चित्र दाखवलं. “हे काय इथे. छापलंय की.”

धांदल्याने चित्र बघितलं. मग मुठी आवळल्या, मग सोडल्या. मग त्याने तो प्रश्न मिस्त्रीला विचारला, बारा मिनिटांचा. मिस्त्रीने एकदा त्याच्याकडे, एकदा त्या हिरडीकडे, एकदा घराच्या दाराकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. तुसडा माणूस, पण त्याचा आवाज पडला. तेव्हा तो म्हणाला ते मी सुरुवातीला सांगितलंच आहे. जाताना त्याने मजुरी घेतली नाही. “नंतर ये माझ्याकडे,” एवढंच बोलला.

धांदल्याने ती हिरडी दादाच्याच मशीनने कोरून काढली. ती सहजासहजी निघणार थोडीच. सीटवर, त्याच्या मांडीवर, पापण्यांवर गुलाबी धूळ बसली. शेवटी तुकडा सुटला, नखाएवढा. वरची बाजू दादाने घासलेली, अजून चमकत होती. त्याने तो खिशात टाकला, आणि वहिनीला सांगितलं नाही.

तीन दिवस सांगितलं नाही. तीन दिवस तो तिला गाडी शिकवत होता. “आरसा बघ वहिनी. आता ‘डी’. हळू, हळू, मांजर पळालं तरी दचकायचं नाही.” वहिनीचा हात माझ्यावर पडायचा तो दादासारखा. बघून बघून शिकली असेल. आणि धांदल्या शेजारी, जिथे दादा शेवटचा बसला होता त्याच सीटवर, खिशावर हात दाबून बसलेला. बोलताना त्याची जीभ अडखळायची. मला वाटायचं, याचाही खटका गेलाय. आतून कुणीतरी जीव तोडून दाबतंय, पण निरोप पोचत नाही.

चौथ्या दिवशी, सरळ रस्ता, गाडी धिम्या चालीत, आणि हा एकदम म्हणाला, “वहिनी, दादाला मी मारलं.”

वहिनीने ब्रेक दाबला. कचकन नाही, नीट, शिकवल्यासारखा. गाडी कडेला घेतली आणि मला ‘पी’वर टाकलं. “काय म्हणालास?”

त्याने सगळं ओकलं. दिवे, उद्या, लाथा, भोक. गुलाबी तुकडा तळहातावर ठेवून पुढे केला. “चुटकीचं काम होतं, वहिनी. किल्ली घालायची आणि दाबायचं. मी ते बुजवलं. मी!”

वहिनीने तुकडा घेतला. उलटला, पालटला. मग दार उघडून उतरली आणि चालायला लागली. मागे वळून बघितलं नाही. धांदल्या तिच्या मागे गेला नाही. माझ्यावर कपाळ टेकून बसला. माझ्या चिरेत त्याचं पाणी उतरलं.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून गाडीत येऊन बसली आणि त्याला हाक मारली.

“दिव्यांचं मी तुला माफ केलेलं नाही,” ती म्हणाली. “ते मला जमायचं तेव्हा जमेल. जमलं तर.”

“हो.”

“पण हे भोक.” तिने तो तुकडा पुढे केला. “ही चमक बघ. ही कुणाची आहे?”

“दादाची.”

“आणि छान झालंय कोण म्हणालं होतं?”

त्याने तुकड्यावरून अंगठा फिरवला.

“मी म्हणाले होते. दात बसव म्हणाले होते. म्हणजे एक बुजवणारा, एक घासणारा, एक वाहवा करणारी. तू एकट्याने कशाला घेतोस सगळं? तुला लहानपणापासून दुसऱ्याच्या ताटातलं घ्यायची सवय आहे.” तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. “आता शिकव मला. ते कसं उघडायचं ते.”

“वहिनी, वाचला असता का गं दादा?”

 वहिनीने किल्ली काढून त्याच्या हातात दिली. “शिकव.”

त्याने मुद्दाम नव्या खटक्याची वायर काढली. मी पुन्हा बहिरा झालो, अडकलो. “आता सोडव.” वहिनीने एका पायाने ब्रेक दाबून धरला, भोकात किल्ली खुपसली, दाबली, मला ओढलं. मी सुटलो. “पुन्हा.” पुन्हा सुटलो. “डोळे मिटून.” सुटलो. मुंगी मागून मोजत होती. पहिल्यांदा एकवीस आकडे लागले. शेवटी चार. कारखान्यातली ती बाई आठवली मला. आयुष्यात पहिल्यांदा माझा चोरदरवाजा उघडत होता, आणि प्रत्येक वेळी तो उघडला, की धांदल्या मान दुसरीकडे वळवायचा.

वायर परत जोडून रिकाम्या भोकाला त्याने नवं झाकण केलं. गुलाबीच. पण हे निघणारं. धरायला म्हणून त्याच्या मधोमध एक दात बसवला, दादाच्या डब्यातला, तपकिरी छटेचा. “दात धरायचा आणि उपटायचा,” त्याने मुंगीला सांगितलं. मुंगी खुदकन हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं. दादाची मेण कोरायची सुरी त्याने कप्प्यात ठेवली, किल्ली सापडली नाही तर म्हणून. आणि ती पुस्तिका डब्याखालून काढून त्याने एकेका अक्षरावर बोट ठेवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्याला नऊ दिवस लागले.

आज या गोष्टीला तीन वर्षं झाली. मी त्या दुसऱ्या गावात आहे. बोंडीची चीर तशीच आहे, वहिनी ती बदलू देत नाही. रोज कवळ्यांचे डबे घेऊन हिंडतो. मुंगीचे पाय आता सीटवरून खाली टेकतात. धांदल्या त्या तुसड्या मिस्त्रीच्या हाताखाली आहे आणि म्हणे गिऱ्हाईक काही बोललं की मध्ये तोंड घालत नाही, शेवटपर्यंत ऐकतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. वहिनी कधी लांबलचक बोलते, कधी ‘हं’ म्हणून ठेवते. तो प्रश्न तो अजून विचारतो की नाही, ते मला ठाऊक नाही. उत्तर त्याला कुणी दिलेलं नाही, एवढं मी सांगू शकतो.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या गाडीतही माझा एखादा भाऊ असेल. तो कधी अडून बसला, तर त्याला लाथ घालून वेळ मारून नेऊ नका. तो हट्टी नसतो, तो काहीतरी सांगत असतो. त्याच्या शेजारी नखाएवढं झाकण असेल, तर ते आजच उचकटून बघा. घाई नसताना बघा. घाईत काही सापडत नाही.

निघायच्या दिवसाचं तेवढं राहिलं.

सकाळची वेळ होती. टेबल टपावर बांधलं होतं, दातांचे डबे मुंगीच्या मांडीवर. घराला कुलूप लागलं. धांदल्याने दोऱ्या ओढून बघितल्या, चाकांची हवा बघितली, मुंगीच्या गालावर टिचकी मारली. वहिनीने ब्रेक दाबला, मी निरोप घेतला आणि ‘डी’वर आलो.

“थांब वहिनी!” तो ओरडला. “पाय काढू नकोस. दाबून धर.”

तो धावत गाडीच्या मागे गेला. मला तो आरशात दिसत होता. रस्त्यावर उकिडवा बसला, एक हात एका दिव्यावर, दुसरा दुसऱ्यावर. त्याच्या तळहातांमधून लाल उजेड दिसत होता. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. वहिनीने पाय उचलला नाही.

मग तो उठला, तोंड बाहीला पुसलं आणि ओरडून सांगितलं, “बघितले! दोन्ही लागतात!”